फुटलेल्या चळवळीत जगावे कशासाठी? कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचे उत्तर

२९ डिसेंबर हा कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचा स्मृतिदिन. खानदेशातल्या समाजमंदिरांत आणि बुद्धविहारांत त्या दिवशी त्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो. मात्र एकाच वस्तीत एका गटाचा कार्यक्रम सकाळी आणि दुसऱ्या गटाचा संध्याकाळी, असेही घडते. प्रतिमा तीच, घोषणा तीच, निळा झेंडाही तोच. फक्त बॅनरवरच्या नेत्यांचे फोटो बदललेले! हे पाहणारा आमचा शिकलेला तरुण मग विचारतो की, मी नेमके कोणाचे काम करायचे? कोणत्या गटात जायचे? आणि आयुष्याची उमेदीची वर्षे या भांडणात घालवण्यापेक्षा नोकरी पाहून शहरात निघून गेलेले काय वाईट?

हा प्रश्न टिंगलीवारी नेण्यासारखा नाही. चळवळीवर प्रेम असल्याशिवाय असा प्रश्न कोणाला पडत नाही. आमच्या मते त्याचे उत्तर भाषणांत शोधण्यापेक्षा दादासाहेबांच्या आयुष्यात शोधावे. कारण बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतरची पहिली मोठी फूट ज्यांच्या डोळ्यांदेखत झाली, किंबहुना ज्यांच्या अंगावर झाली, तो माणूस म्हणजे दादासाहेब. फूट पडली म्हणून ते घरी बसले नाहीत आणि फुटीचे रडगाणेही गात बसले नाहीत. मग त्यांनी काय केले, हे आजच्या कार्यकर्त्याने समजून घेतले पाहिजे.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी, महार कुटुंबात झाला. तो काळ वतनदारीचा होता. महाराने गावाची आणि सरकारची चोवीस तास चाकरी करायची. सांगावा पोचवायचा, ओझी वाहायची, साहेबाच्या घोड्यापुढे धावायचे. त्या बदल्यात हाडकी-हाडोळ्याचा तुकडा आणि बलुत्याचे चार दाणे. १८७४ च्या वतन कायद्याने ही वेठ पक्की करून ठेवली होती. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, ते याच कारणाने. वतनाची जमीन हा आपला मान आहे असे समजणाऱ्या समाजाला, ती जमीन म्हणजे पायातली बेडी आहे, हे सांगण्याचे अवघड काम तेव्हा करायचे होते. नाशिक जिल्ह्यात ज्यांनी गावोगाव पायी फिरून ते केले, त्यांत भाऊराव आघाडीवर होते.

त्या काळचे खानदेश कसे होते, तेही आठवावे. १९२९ साली बाबासाहेब सरकारी समितीचे सदस्य म्हणून बहिष्काराच्या एका प्रकरणाची चौकशी करायला धुळे मार्गावरच्या एका गावी आले होते. परतताना चाळीसगावला टांगेवाल्यांनी त्यांना टांग्यात घेऊन जायला नकार दिला. शेवटी समाजातलाच एक जण टांगा हाकायला बसला, त्याला सवय नव्हती, टांगा पुलावर उलटला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. परदेशात शिकून आलेल्या बॅरिस्टरची ही गत, तर आंबे गावच्या भाऊरावांची आणि शिंदखेड्याच्या आमच्या आजा-पणजांची काय असेल?

२ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. सत्याग्रह समितीचे चिटणीस होते भाऊराव गायकवाड. चिटणीसपद म्हणजे काय, हे चळवळीत काम केलेल्यालाच कळते. हजारो माणसांच्या भाकरीची सोय, तुकड्यांची पाळी, तुरुंगात गेलेल्यांच्या घरची विचारपूस, पोलिसांशी बोलणी, मुंबईला बाबासाहेबांना पत्राने खबर, हे सगळे त्यांच्या माथ्यावर. ९ एप्रिल १९३० ला रामनवमीच्या रथावरून दगडफेक झाली, डोकी फुटली. त्याचे पडसाद जिल्ह्याच्या खेड्यांत उमटले. कुठे वाटा बंद झाल्या, कुठे दुकानदारांनी माल देणे बंद केले, कुठे मुलांना शाळेतून हाकलले. शहरात सत्याग्रह करून माणूस संध्याकाळी गावी परतला की गाव त्याच्यावर तुटून पडे. अशा स्थितीत हा लढा पाच वर्षे धगधगत ठेवणे ही साधी गोष्ट नव्हती.

आणि पुढची गोष्ट त्याहून अवघड होती. १९३४ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी भाऊरावांना पत्र लिहून कळवले की, मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह आता नव्याने सुरू करू नये. समाजाला जागे करणे आणि त्याला आपल्या स्थितीची जाणीव करून देणे हा त्या लढ्याचा हेतू होता. तो साधला आहे. यापुढची शक्ती राजकारण आणि शिक्षण यांवर लावावी, असा त्याचा आशय होता. ज्या लढ्यासाठी माणसाने तरुणपण दिले, तुरुंग पाहिला, शिव्या खाल्ल्या, तो लढा दार उघडण्याआधीच थांबवायचा! दुसरा कोणी असता तर दुखावला असता. भाऊरावांनी तो निर्णय मानला, कारण त्यांच्यासाठी साध्य देऊळ नव्हते, माणूस होता. साधन बदलले तरी साध्य सुटत नाही, हा धडा त्यांनी तिथे घेतला. चळवळीतल्या पुष्कळांना हे जमत नाही. कालच्या आंदोलनालाच ते आपली जहागीर समजू लागतात आणि तिथेच भांडणाचे मूळ रुजते.

१३ ऑक्टोबर १९३५ ला नाशिक जिल्ह्यातच, येवल्याला, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. १९३७ च्या निवडणुकीत भाऊराव स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळावर निवडून गेले. पूर्व खानदेशातून त्याच पक्षाचे दौलतराव जाधव निवडून आले. पुढे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या काळातही ते बाबासाहेबांच्या विश्वासातले राहिले. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे आज छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याने ती वाचावीत. त्यांत मोठे तत्त्वज्ञान कमी आणि कामाच्या गोष्टी जास्त आहेत. सभा कुठे घ्यायची, पैसे कसे उभारायचे, कोणाला उमेदवारी द्यायची, कोणाची समजूत काढायची. चळवळ अशाच गोष्टींवर उभी राहते.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मक्रांती झाली आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. आठ आठवडेही झाले नव्हते. समाज नव्या धम्मात पाऊल टाकतो आहे आणि बोट धरणारा बापच नाहीसा झाला! १९५७ मध्ये दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. ३ ऑक्टोबर १९५७ ला बाबासाहेबांच्या संकल्पातला रिपब्लिकन पक्ष नागपुरात स्थापन झाला. एन. शिवराज अध्यक्ष झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पक्ष समितीबरोबर होता आणि त्याचा आवाज दिल्लीपर्यंत पोचत होता.

आणि दोनच वर्षांत पक्ष फुटला. बी. सी. कांबळे यांचा गट दुरुस्त म्हणवू लागला आणि दादासाहेबांच्या गटाला नादुरुस्त म्हटले जाऊ लागले. वाद वरवर घटनेचा आणि मार्गाचा होता. बाबासाहेबांनी संविधान दिले, आता लढा कायद्याच्या चौकटीतच हवा, सत्याग्रह आणि मोर्चे ही कम्युनिस्टांची वाट आहे, असे एका बाजूचे म्हणणे होते. दुसरी बाजू म्हणत होती की, पोट रिकामे असलेल्या माणसाला कलमे वाचून दाखवून भागत नाही. पण त्या वादात एक विखार मिसळला होता. दादासाहेबांपाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. ते धोतर नेसत, खेड्यातली मराठी बोलत. शिकलेल्या, पाटलोणीतल्या पुढाऱ्यांनी एका धोतरवाल्याचे नेतृत्व का मानावे, असा सूर त्यात होता. जातीच्या उतरंडीतून सुटलेल्या समाजात शिक्षणाची उतरंड उभी राहू पाहत होती!

आम्ही स्वतः वकिलीचा धंदा करतो, म्हणून या ठिकाणी स्पष्ट लिहिले पाहिजे. बी. सी. कांबळे विद्वान होते, बाबासाहेबांचे निष्ठावंत होते. संविधानाचा मार्ग सोडू नये हे त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण कायदा आपल्या पायांनी चालत गावात येत नाही. त्याला कोणीतरी गावापर्यंत ओढून न्यावे लागते. ते ओढण्याचे काम दादासाहेब करत होते. पदवीधारकाने अर्ज लिहावा आणि धोतरवाल्याने मोर्चा काढावा, ही खरी तर एकाच कामाची दोन टोके. ती एकमेकांविरुद्ध उभी राहिली, त्याची किंमत आपण आजही मोजत आहोत.

फुटीनंतर दादासाहेबांनी जे केले, ते आम्हा खानदेशवासीयांना विशेष महत्त्वाचे आहे. नेतृत्व कोणाचे, हा वाद वर्तमानपत्रांत चालू असताना त्यांनी जमिनीचा प्रश्न हाती घेतला. १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभा राहिला आणि त्याचे मोठे क्षेत्र होते आपले खानदेश. तेव्हा धुळे जिल्हा हे नाव नव्हते, पश्चिम खानदेश म्हणत. नंदुरबारही त्यातच होते. जळगाव म्हणजे पूर्व खानदेश.

जमीनच का, हे समजून घेतले पाहिजे. १९५८ चा कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन कायदा १९५९ मध्ये अमलात येऊ लागला. वेठ संपली, ही बाबासाहेबांच्या तीस वर्षांच्या झगड्याची फलश्रुती. पण जमीन आधी सरकारजमा होणार आणि कब्जेहक्काची रक्कम भरली तरच मूळ वतनदाराला परत मिळणार, तीही नवीन आणि अविभाज्य शर्तीवर. ज्याच्या घरात दुसऱ्या वेळेची भाकरी नाही, त्याने ती रक्कम कुठून आणायची? मुदतीत भरली नाही तर तो आपल्याच बापजाद्यांच्या जमिनीवर अनधिकृत ठरणार. शिवाय हाडोळ्याचे तुकडे भावकीत वाटून वाटून इतके लहान झालेले की, एकेकाच्या वाट्याला बैल वळवायलाही जागा उरलेली नव्हती. त्यातच धर्मांतर केलेल्या समाजाने मेलेली ढोरे ओढणे सोडले, बलुते सोडले, गावकीची कामे सोडली. स्वाभिमान आला, पण भाकरीचा जुना आधार गेला. धम्म टिकवायचा तर पायाखाली जमीन हवी, हे दादासाहेबांनी ओळखले. मालकाच्या शेतावर मजुरीला जाणारा माणूस मालकाच्या दारातल्या देवाला नाही म्हणू शकत नाही.

शिंदखेडा तालुक्याकडे पाहिले तरी हे उमगते. तापी, पांझरा, बुराईच्या काठची काळी जमीन मोठ्या खातेदारांकडे. वर चढत गेले की बरड, मुरमाड रान. भूमिहीनाला मिळालीच तर ती या बरडावरची गायरान किंवा पडीक जमीन. तिच्यावरही गावाचा डोळा. कापसाच्या आणि बाजरीच्या हंगामात मजुरी, बाकीचे महिने सुरत-भुसावळ रेल्वेने कामाच्या शोधात बाहेर. या प्रश्नात आपला समाज एकटा नव्हता. भिल्ल बांधवांच्या जमिनी सावकारांनी गिळल्या होत्या. मराठा, माळी, कोळी समाजातही भूमिहीन होते. दादासाहेबांची मागणी एका जातीची नव्हती. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, कसेल त्याची जमीन करा, ही मागणी सर्वांची होती. माणसे जातीने, गटाने, पक्षाने तुटलेली असताना पोटाच्या प्रश्नावर ती एका रांगेत उभी राहू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. याच तापी खोऱ्यात १९७१-७२ च्या सुमारास शहाद्याला अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेने आदिवासींच्या जमिनीचा लढा उभारला, तेव्हा तोच प्रश्न पुन्हा वर आला होता.

१९५९ ला थांबले नाहीत. १९६२ मध्ये दादासाहेब राज्यसभेवर गेले. १ ऑक्टोबर १९६४ रोजी दिल्लीत संसदेवर मोठा मोर्चा नेऊन त्यांनी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांची सनद दिली. पुढे ६ डिसेंबर १९६४ पासून, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनापासून, देशभर सत्याग्रह सुरू झाला आणि तो १९६५ च्या फेब्रुवारीपर्यंत चालला. चळवळीच्या नोंदीप्रमाणे तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. बायाबापड्या कडेवर लेकरे घेऊन गेल्या. शांताबाई दाणींसारखी शिकलेली कार्यकर्ती, जिला दादासाहेबांनीच चळवळीत आणले होते, तीही तुरुंगात गेली. अखेर शास्त्रींनी मागण्यांचा विचार करण्याचे मान्य केले.

त्या मागण्या आज पुन्हा वाचाव्यात. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, पडीक जमीन भूमिहीनांना द्या, धान्याच्या किमती आवाक्यात ठेवा, किमान वेतन कायदा अमलात आणा, झोपडपट्टीवासीयांची सोय करा, बौद्धांना सवलती चालू ठेवा, नोकऱ्यांतील राखीव जागा भरा. यातले तैलचित्र लागले १२ एप्रिल १९९० ला. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या त्याही १९९० मध्येच. मागणी केली त्या माणसाला जाऊन तेव्हा अठरा वर्षे उलटली होती. आज ज्या घरात जातीच्या दाखल्यावर मुलगा इंजिनिअर झाला आहे, त्या घराने हे विसरू नये की, त्या दाखल्यासाठी कोणीतरी निरक्षर आजी १९६४ च्या थंडीत तुरुंगाच्या फरशीवर झोपली होती. ती कोणत्या गटाची होती, हे आज कोणाला ठाऊक आहे?

दादासाहेबांचे सगळेच बरोबर होते, असे आम्ही म्हणणार नाही. व्यक्तिपूजा बाबासाहेबांनीच आपल्याला नाकारायला शिकवली आहे. १९६७ मध्ये रिपब्लिकन पक्षाने काँग्रेसशी युती केली. जिल्हा परिषदांत आणि पंचायत समित्यांत आपला माणूस असेल तर गावातला जुलूम आटोक्यात येईल, असा हिशोब त्यामागे होता. पण ज्यांच्या विरोधात तीन लाख माणसे तुरुंगात गेली, त्यांच्याच शेजारी दोन वर्षांत खुर्ची मांडली गेली, हे अनेकांना पटले नाही. मोठ्या पक्षाने लहान पक्षाच्या पुढाऱ्यांना एकेक करून वेचायचे, हा प्रकार तिथून वाढला. १९६८ ला दादासाहेबांना पद्मश्री मिळाली. १९७० ला बॅरिस्टर खोब्रागडे यांचा गट वेगळा झाला. २९ डिसेंबर १९७१ ला दादासाहेबांचे निधन झाले, तेव्हा पक्ष विखुरलेला होता. पुढच्याच वर्षी दलित पँथर जन्माला आली, ती याच विखुरलेपणाच्या संतापातून.

म्हणजे ऐक्य घडवण्यात दादासाहेब अपयशी ठरले, असेच म्हणावे लागेल. मग त्यांचे आयुष्य वाया गेले काय? आमच्या तरुणाचा प्रश्न इथेच येऊन थांबतो आणि उत्तरही इथेच आहे. पक्ष फुटला, पण काळारामाच्या दारात ताठ झालेली मान पुन्हा वाकली नाही. पक्ष फुटला, पण सत्याग्रह करून आलेला भूमिहीन तलाठ्यासमोर जमिनीवर बसायचा बंद झाला. माणसाच्या आयुष्याला अर्थ येतो तो त्याच्या गटाच्या विजयाने नव्हे. त्याने कोणाचे ओझे हलके केले, यावरून येतो. तथागतांनी दुःख आहे असे सांगून थांबले नाहीत, दुःखाला कारण आहे आणि त्याच्या निरोधाचा मार्ग आहे, असेही सांगितले. दादासाहेबांनी फुटीच्या दुःखात रुतून न बसता समाजाच्या दुःखाचे कारण धरले आणि मार्गाला लागले.

तो मार्ग आजही मोकळा आहे आणि त्यावर गर्दी नाही! २००४ पासून त्यांच्याच नावाने राज्यात सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन मिळावी, विधवा, परित्यक्ता आणि अत्याचारग्रस्तांना आधी मिळावी, अशी तिची रचना. पूर्वी निम्मे कर्ज होते, २०१८ पासून पूर्ण अनुदान आहे. पण सरकारी दरात जमीन विकायला मालक पुढे येत नाहीत आणि पाठपुरावा करायला कार्यकर्ते नाहीत. दुसरीकडे गायरानाचा प्रश्न टांगलेला आहे. १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा. ज्यांनी तेव्हा कागद केले नाहीत, ते आज उघड्यावर आहेत. २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. मात्र सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांसाठी त्याच निकालात अपवादाची जागा ठेवली आहे. अतिक्रमण काढण्याची नोटीस घरी आली की लोक पुढाऱ्याकडे धावतात. त्याआधी पीकपाहणीचा उतारा, दंडाच्या पावत्या, जुना पंचनामा शोधून ठेवायला कोणी सांगत नाही.

हे सांगण्यासाठी कोणत्याही गटाच्या अध्यक्षाची परवानगी लागत नाही. एका गावातल्या दोन्ही गटांच्या चार पोरांनी मिळून वस्तीतल्या प्रत्येक घराचा सातबारा, फेरफार आणि गायरानाचे कागद एका वहीत उतरवून काढले, तर ती वही कोणत्याही ऐक्य परिषदेपेक्षा मोठे काम करील. हाडोळ्याच्या वाटण्यांवरून भाऊ भावाविरुद्ध कोर्टात उभा राहतो. त्यांना तडजोडीला बसवणे हेही चळवळीचेच काम आहे. एकत्र काम केल्याने मने एकत्र येतात. मने एकत्र आल्यावर काम करू, असे म्हणणाऱ्यांची वाट पाहण्यात आपली दोन पिढ्यांची वर्षे गेली.

तेव्हा या २९ डिसेंबरला प्रतिमेला हार जरूर घालावा. पण कार्यक्रम एकच ठेवावा, बॅनरवर एकच फोटो ठेवावा आणि हार घालून झाल्यावर उठून न जाता वही उघडून बसावे. पहिल्या पानावर वस्तीतल्या भूमिहीन विधवेचे नाव लिहावे. कर्मवीर दादासाहेबांना तेच खरे अभिवादन ठरेल. जयभीम!